पुंगळी झेलणारा माणूस

माझा नवरा व्हर्लन शिकारीला जातो, असं गावात सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. तो काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या सांभाळायला जंगलात जातो, आणि मध्ये एखादं जनावर आलंच तर त्याचा नाइलाज होतो.

आमच्या तळघरात काचेच्या कपाटात जुनी मॅग्नम काडतुसं मांडलेली आहेत. आता कुणी विचारत नाही अशीच त्याला लागतात. त्यात लाडकं म्हणजे एकोणीसशे साठच्या सुमाराचं तीनशे अठ्ठावन्न नॉर्मा. बुडावर कंपनीचा मूळ शिक्का असलेल्या त्याच्या बत्तीस पुंगळ्या त्याच्याकडे आहेत. त्यांच्यातच पुन्हा पुन्हा दारू भरून, नवी गोळी बसवून तो वापरतो. दुसऱ्या काडतुसाच्या पितळाला आकार देऊन तशीच पुंगळी करता येते, पण तिला हा भेसळ म्हणतो. आमच्या लग्नाची तारीख त्याला आठवत नाही. कुठली पुंगळी कितव्यांदा उडाली ते मात्र पाठ असतं.

यंदा शिकारीच्या सोडतीत मूसचा, घोड्याएवढ्या थोरल्या हरणाचा, परवाना लागला, तो माझ्या नावावर. सतरा वर्षं अर्ज करत होते. आमच्या आयडाहो राज्यात नर मूस माणसाला आयुष्यात एकदाच मारता येतो. मला तो नीट मारायचा होता, त्याचे हाल न करता. माझ्या बाबांनी मला एवढं एकच शिकवलं होतं.

"लारे, माझी रायफल ने," व्हर्लन म्हणाला. "मूसला नॉर्माच शोभतं."

"माझी आहे की."

"ती? तसली तर इथं प्रत्येक ट्रकच्या सीटमागे असते, लारे."

वाद घालायचा कंटाळा येऊन मी हो म्हटलं. हा माझा मूर्खपणा, तो मी त्याच्यावर ढकलत नाही. महिनाभर मी सराव केला. दर गोळीनंतर व्हर्लन माझ्या उजव्या हाताशी टोपी उलटी धरून उभा, पुंगळी झेलायला. रायफलचा बोल्ट, म्हणजे पुंगळी बाहेर फेकून पुढचं काडतूस भरणारा दांडा, मी जरा जोरात ओढला की चेहरा असा करायचा, जणू त्याचंच बोट दारात सापडलंय.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमाराला, नदीच्या वळणावर मूस विलोच्या झुडपांच्या जाळीबाहेर आला. दीडशे यार्डांवर. मी चिखलात गुडघा टेकला. बार काढला त्याच क्षणी त्यानं पाऊल उचललं आणि गोळी मागे, पोटात बसली. तो पाठ वाकवून तिथंच उभा राहिला. दुसरी गोळी घालायला वेळच वेळ होता. मी बोल्टकडे हात नेला, तर बोल्टवर व्हर्लनचा पंजा.

"थांब, खाली चिखल आहे."

"हात काढ."

"अगं, एक सेकंद. मी हळूच काढतो."

त्यानं दोन बोटांनी बोल्ट मागे घेतला, पुंगळी काढली, तिच्या तोंडावर फुंकर मारली. मी मान वर केली तेव्हा मूस जाळीत शिरला होता.

व्हर्लनचा राग मला आजवर पुष्कळदा आला आहे. हा राग नव्हता. मला त्याची किळस आली.

"चालताना रायफल भरलेली नको," म्हणत त्यानं उरलेली काडतुसं काढून फ्लॅनेलच्या पिशवीत घातली. अडीच तास आम्ही रक्ताच्या मागावर होतो. अडीच तास तो मागून सांगत होता की यात काडतुसाचा काही दोष नाही.

मूस बीव्हरांनी ओढा अडवून केलेल्या डबक्यात सापडला. पोटापर्यंत पाण्यात, मान खाली. दर श्वासाला त्याचे कान हलत होते. मी व्हर्लनपुढे हात पसरला. त्यानं पिशवी उघडली आणि एकेक काडतूस उलटं करून बुडावर त्यानं केलेल्या खुणा बघायला लागला.

"काय शोधतोयस?"

"जास्त वेळा वापरलेली बघतोय. इथं पाण्यात पडली तर..."

मी हाताला लागलं ते हिसकावलं, भरलं आणि मूसच्या खांद्यामागे गोळी घातली. मूस गुडघ्यांवर आला, मग कुशीवर कलंडला. मी बोल्ट सगळा जोर लावून ओढला. मुद्दाम. पुंगळी उडाली आणि डबक्यात गेली.

व्हर्लन लगेच पाण्यात उतरला. मला वाटलं, मूस ओढायला. मी दोर घेऊन त्याच्यामागे गेले. तो कंबरेत वाकून, खांद्यापर्यंत हात बुडवून तळाचा गाळ चाचपत होता. मूस त्याच्यापासून दहा पावलांवर पडला होता, डोळा उघडा. शिंगांना दोर मी एकटीनं बांधला. मूसच्या कपाळावर हात ठेवून माफी मागितली, तीही एकटीनंच.

"मिळाली," व्हर्लन म्हणाला. ओठ निळे पडलेले, आणि दिवसभरात पहिल्यांदाच हसत होता. "पुढच्या वेळी बोल्ट हळू ओढ हं."

"कुठली पुढची वेळ, व्हर्लन?"

तो थांबला. खरंच विचार केला त्यानं.

"एल्क हरणांचा हंगाम आहे की," तो म्हणाला आणि पुंगळीतलं पाणी झटकू लागला.