निळ्या ड्रमातला बाप्तिस्मा

मी एक जुना निळा ड्रम आहे. मित्रांनो, जवळ या, पण नाक जरा सांभाळा.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथून मी भंगारात गेलो आणि मुरबाडच्या बाजारात कमळूने मला उचलले. सिद्धगडाच्या पायथ्याशी, ओहोळाच्या वाळूत त्याने मला गळ्यापर्यंत पुरले. पोटात गूळ, नवसागर आणि मोहाची फुले सडत घातली. माझे फार कौतुक होत असे. लोक लांबून चालत येत आणि तिथेच आडवे होत. सर्वांत आधी कमळू.

मग कमळू प्रार्थनेला जाऊ लागला. एके दिवशी त्याने मला उकरले, राखेने घासले, उन्हात उपडे ठेवले. वास काही जाईना. त्याची बायको देवकी रोज येऊन हुंगायची. आधी मला, मग त्याला.

मे महिन्यात बाप्तिस्मा ठरला. ओहोळ आटलेला. माणूस पुरता बुडेल असे भांडे पाड्यावर एकच होते.

"ह्याच्यात?" किशोर पास्टरांनी विचारले.

"ह्याच्यातच बुडालो व्हतो," कमळू म्हणाला. "ह्याच्यातनंच काढा."

बायांनी हंडे ओतून मला भरले. कमळू आत बसला.

"पास्टर, नाव बदलाया लागंल का?"

"राहू दे. माणूस नवा झाला, तर गावाला ओळखायला काहीतरी हवं."

देवकी कडेला उभी होती, काखेत गाठोडे घेऊन. सकाळीच तिने बजावले होते, "आज वास आला, तर मी तशीच वैशाखऱ्याला माहेरी जाईन."

तेवढ्यात जीप आली. खाकीतल्या साहेबांनी वाकून मला हुंगले आणि कुऱ्हाड मागवली. भट्टीचे ड्रम ते जागेवर फोडतात. माझे शेजारी असेच गेले.

"बाहेर ये रे. ड्रम फोडायचाय."

"थांबा साहेब, अजून बुडालो नाय."

"मागच्या धाडीला आजारी होतास. त्याआधी मेला होतास. आता काय?"

"आता जन्मतोय, साहेब."

कुऱ्हाडीचे पाते माझ्या कुशीला टेकले. साहेब देवकीकडे वळले.

"बाई, तू सांग. दारू सुटलीय ह्याची?"

देवकीने काखेतले गाठोडे सावरले.

"उद्याचं मला नाय ठाव, साहेब." मग ती पुढे आली आणि माझ्यातले ओंजळभर पाणी प्यायली. "आज पाणी हाय."

कुऱ्हाड बाजूला झाली. "होऊ दे तुमचं. मी इथंच उभा आहे," साहेब म्हणाले.

पास्टरांनी कमळूच्या डोक्यावर हात ठेवला, तसा मी उतारावर कलंडू लागलो. देवकीने काखेतले गाठोडे माझ्या बुडाखाली पाचरीसारखे सरकवले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने कमळू पाण्याखाली गेला. वर आला तो लहान मुलासारखा रडत. पाणी सांडले आणि गाठोड्यातली लुगडी चिंब भिजली. ती वाळेपर्यंत देवकीला कुठे जाता येईना. पुढे तिने ती कपाटातच ठेवली.

हल्ली मी अंगणात असतो. माझ्यात भाजीच्या वाफ्यांचे पाणी असते. दमट हवेत जुना वास अजून उठतो. त्या दिवशी कमळू जरा जास्त वेळ प्रार्थना करतो, आणि देवकी दोघांनाही हुंगते.

मित्रांनो, वास आला म्हणून लगेच कुऱ्हाड मागवू नका. आधी ओंजळ बुडवून बघा.