एकोणसत्तर विरुद्ध एक

अध्यक्ष मर्ल ऑकेननं लोर्ना श्टाइनकेला पूल देऊ केला, तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीत कानात काही शिरत नसल्यासारखा चेहरा करून बसलो होतो. विधानसभेत अठरा वर्षं काढली की हा चेहरा आपोआप येतो.

लोर्ना नवी होती. हार्मेल गावातून निवडून आलेली, धंद्यानं विमा एजंट. गारपीट, गुरं, ट्रॅक्टर, ज्याचं ज्याचं नुकसान होऊ शकतं त्याचा विमा ती विकायची. हार्मेलला गव्हाचं कोठार, एक चर्च, एक पेट्रोल पंप आणि एक हायस्कूल. हायस्कुलात मुलं बेचाळीस.

आणि मर्लचं विधेयक असं होतं की ज्या हायस्कुलात पन्नासपेक्षा कमी मुलं, त्याचं सरकारी अनुदान बंद. शाळेनं शेजारच्या गावच्या शाळेत विलीन व्हायचं, वाचलेल्या पैशातून लोकांचा घरपट्टीचा बोजा हलका करायचा. आमच्याकडे शाळा गेली की पोरं असलेली घरं जातात, मग पेट्रोल पंप जातो, आणि चर्चमध्ये पाद्री महिन्यातून एकदा येतो. हे सगळ्यांना माहीत होतं. घरपट्टी भरणारे जास्त आहेत, हेही सगळ्यांना माहीत होतं.

"हे विधेयक तू मांड," मर्ल तिला म्हणाला. "गावाकडच्या बाईनंच मांडलं तर गावाकडचे ओरडणार कसे? तुझ्या ओढ्यावरचा पूल मी या वर्षीच्या यादीत घालतो."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर दुसरं कोणीतरी मांडेल. मतं अडतीस आहेत माझ्याकडे. पूल मात्र एकच आहे."

अडतीस खरी होती. सत्तर जणांच्या सभागृहात छत्तीस पुरतात. त्या अडतिसांत मीही होतो. माझं मत आमच्या कृषी महाविद्यालयाच्या गळक्या छपराला गेलं होतं. छप्पर चांगलं निघालं, अजून गळत नाही.

लोर्नानं एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी हो म्हणाली.

बातमी हार्मेलला पोचायला वेळ लागला नाही. शाळेच्या बास्केटबॉल प्रशिक्षकानं, डॅरिल फेंस्केनं, तिला फोन केला. तो इतक्या मोठ्यानं बोलत होता की मला कान लावावा लागला नाही.

"लोर्ना, तुझी स्वतःची पोरगी नववीत आहे ना इथे?"

"आहे."

"मग?"

"मग तिला सांग, गृहपाठ करून ठेव म्हणावं," लोर्ना म्हणाली आणि फोन ठेवला.

मला वाटलं, बाई पुलाला विकली गेली. वाईट वाटलं नाही. किंमत बरी मिळाली होती.

आता आमच्या सभागृहाची एक रीत सांगायला हवी. नव्या सदस्याचं पहिलं विधेयक आलं की तो आपल्या भागातलं काहीतरी खाऊ घालतो. मग सगळे त्याला वेडेवाकडे प्रश्न विचारून छळतात, आणि मतदानाच्या वेळी मांडणारा सोडून एकूणएक जण विरोधाचं लाल बटण दाबतो. फलकावर सगळे दिवे लाल, मधे त्या बिचाऱ्याचा एकटा हिरवा. तो घाबरतो, आपण हसतो, आणि अध्यक्ष म्हणतात, "कोणाची हरकत नसेल तर मतदान पुन्हा घेऊ." हरकत कोणाचीच नसते. दुसऱ्या फेरीत खरं मतदान. माझ्या वेळी मी रडकुंडीला आलो होतो, असं लोक सांगतात. मला आठवत नाही.

लोर्नाचं विधेयक आलं ते शेवटच्या दिवशी. त्या संध्याकाळपर्यंत जे मंजूर होईल तेच वरच्या सभागृहाकडे, सिनेटकडे, जातं, उरलेलं मेलं. सकाळीच तिनं प्रत्येकाच्या टेबलावर जर्दाळू घातलेला कूखेन, म्हणजे आमच्याकडचा जर्मन केक, ठेवला होता. व्हर्गिल टॉफ्टच्या टेबलावर दोन तुकडे. व्हर्गिल गुरंवाला, छोट्या शाळांच्या बाजूच्या बत्तीस जणांचा म्होरक्या, आणि गेली वीस वर्षं लोर्नाचं गिऱ्हाईक.

कोणीतरी मर्लला हळूच म्हणालं, "आज थट्टा राहू दे, विधेयक मोठं आहे."

"रीत ती रीत," मर्ल तोंडातला घास गिळत म्हणाला. "माझ्या वेळी कोणी सोडलं होतं का?"

मग प्रश्न सुरू झाले. एकानं विचारलं, हार्मेलमध्ये मतदार यादीत गाई किती. लोर्ना म्हणाली, "गेल्या वेळी तुम्हाला जितक्या गाईंनी मतं दिली तितक्या नसतील." दुसऱ्यानं विचारलं, पन्नास मुलं पुरी करायला सन्माननीय सदस्यांच्या गावाला किती वेळ लागेल. "सुरुवातीला नऊ महिने," ती म्हणाली. "पुढची चौदा वर्षं पोर हायस्कुलात पोचायला."

सभागृह खूश झालं. मतदान पुकारलं. सगळ्यांनी लाल दाबलं, मीही दाबलं, मर्लनं तर हात उंच करून सगळ्यांना दाखवून दाबलं. एकोणसत्तर लाल, एक हिरवा. सचिवांनी आकडा वाचला, विधेयक नामंजूर झाल्याचं जाहीर झालं आणि टाळ्या पडल्या.

"कोणाची हरकत नसेल तर," मर्ल म्हणाला.

"माझी आहे," व्हर्गिल म्हणाला.

हशा झाला. व्हर्गिल हसत नव्हता, तो ओठाला लागलेला जर्दाळू पुसत होता.

"बस रे," मर्ल म्हणाला.

"बसूनच बोलतोय. हरकत आहे. नियम काढा."

नियम काढला. हरकत आली की फेरमतदानाला दोन तृतीयांश लागतात, म्हणजे सत्तेचाळीस. इतकी वर्षं हरकतच आली नव्हती, म्हणून हे कोणी वाचलेलं नव्हतं. मर्लनं सभागृहाकडे नजर टाकली. त्याच्याकडे अडतीस होते, आणि व्हर्गिल धरून बत्तीस जण हाताची घडी घालून बसले होते. संध्याकाळपर्यंत त्यानं आणखी दोन पूल आणि एका तुरुंगाचं स्वयंपाकघर देऊ करून पाहिलं. बेचाळिसाच्या पुढे गाडी गेली नाही.

"तू वाचला होतास का तो नियम?" मी लोर्नाला विचारलं नाही. विचारलं ते असं: "पुलाचं काय आता?"

"पूल काय, तीस वर्षं नाही," ती म्हणाली. "ओढ्यातून जातो आम्ही. विमा आहे."

दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा छापून आला. छोट्या शाळा बंद करण्याला एकोणसत्तर जणांचा विरोध, पाठिंबा फक्त लोर्ना श्टाइनके यांचा. राज्यभरातल्या शाळांमधून आम्हाला आभाराची पत्रं आली. मर्लला सगळ्यात जास्त. पुढे तो सिनेटला उभा राहिला तेव्हा गावोगाव त्याच्या पाट्या लागल्या: छोट्या शाळांचा पाठीराखा. थट्टेतलं मत होतं, असं त्यानं कुठे सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. मलाही अकरा शाळांनी सत्काराला बोलावलं होतं.

लोर्ना जूनच्या निवडणुकीत पडली. विरोधात उभ्या राहिलेल्या डॅरिल फेंस्केनं पाडली.

फेब्रुवारीत मी हार्मेलला शाळेचा बास्केटबॉलचा सामना बघायला गेलो. जिम गच्च भरलं होतं, फक्त लोर्नाच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. मी एका बाजूला बसलो.

"सांगून टाक ना यांना," मी म्हणालो. "किती दिवस अशी बसणार आहेस?"

"काय सांगू? की ते सगळे चेष्टा करत होते?" ती मैदानावरून नजर न काढता म्हणाली. "मग मर्लची पाटी खोटी ठरेल. खोटी ठरली की त्याला ती सांभाळायची गरज काय? पुढच्याच वर्षी विधेयक परत आणील."

"आणि धंदा?"

"सहा जणांनी पॉलिसी दुसरीकडे नेली. दोघे परत आले, तिकडे हप्ता जास्त आहे."

हार्मेलकडे त्या दिवशी पाचच खेळाडू होते. एक पाच फाउल होऊन बाद झाला, राखीव कोणी नव्हता, उरलेले चौघं खेळत राहिले. बाद दिला तेव्हा सगळं गाव उभं राहून रेफरीचा उद्धार करू लागलं. लोर्नाही उभी राहिली. तिचा आवाज चांगला खणखणीत होता. पुढच्या बाकावरची एक बाई मागे वळून तिला म्हणाली, "आंधळा आहे मेला," आणि आपण कोणाशी बोललो ते लक्षात येऊन पुन्हा पुढे वळली.