वारज्याच्या सिग्नलवरचे स्कार्फ

आम्रपाली गोंदियाहून पुण्यात उपयोजित कला शिकायला आली, तेव्हा सगळ्यात आधी तिच्या डोळ्यांत भरले ते स्कार्फ. गोंदियातही मुली उन्हाळ्यात दुपट्ट्याने तोंड बांधायच्या. पण इथे थंडीत, ढगाळ हवेतही स्कूटर सुरू करायच्या आधी प्रत्येक मुलगी डोकं, कान, नाक असं काही गुंडाळायची की फक्त डोळे उरत. कुणी टोक मानेमागे खोचायची, कुणी कानापाशी गाठ मारायची. वारज्याच्या पुलाखाली बसची वाट बघताना आम्रपालीला त्या गाठी बघायचा नादच लागला.

दुसऱ्या वर्षाला आमोद सरांनी विषय दिला : रोजच्या जगण्यात तुम्हाला कशातून काही सुचतं ते फोटोंतून दाखवा. शेवटी त्या फोटोंचं प्रदर्शन लागणार होतं. आम्रपालीला विचार करावाच लागला नाही. ती सिग्नलपाशी उभी राहून फोटो काढू लागली. कुणाला विचारलं नाही. तोंड तर झाकलेलं आहे, विचारायचं कशाला?

सगळ्यांत सुंदर फोटो एका हळदी रंगाच्या स्कार्फचा आला. मुलगी स्कूटरवर सिग्नलला थांबलेली, आणि तिच्या पायांमध्ये क्रोटनची दोन रोपं. पानांतला पिवळा आणि स्कार्फचा पिवळा अगदी एक. सर बराच वेळ तो फोटो बघत राहिले. "हा मधोमध लाव," म्हणाले. आम्रपालीने त्याच संध्याकाळी तो इन्स्टाग्रामवर टाकला आणि तो भराभर पसरला.

चारेक दिवसांनी बसस्टॉपवर तीच मुलगी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने स्कार्फ खाली ओढला.

"तूच ना ती फोटोवाली?"

"हो. तुम्हाला आवडला?"

"माझ्या आईने ओळखलं मला. स्कार्फ तिनेच घेतलाय. तिने पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? ही झाडं कुणाची?"

तिचं नाव निकिता. घरच्यांच्या मते ती रोज सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जात होती. खरं तर तिने क्लास केव्हाच सोडला होता आणि ती वारज्यातल्या एका नर्सरीत काम करत होती. वडिलांना तिला अधिकारी झालेलं बघायचं होतं. आता ते तिच्याशी बोलत नव्हते.

आम्रपाली चाचरत म्हणाली, "पण तुमचा चेहरा तर दिसतच नव्हता..."

"घरच्यांना चेहरा लागतो का ओळखायला?" निकिताचा आवाज चिरकला. "मी सांगणारच होते गं त्यांना. माझ्या शब्दांत, माझ्या वेळी. ते तू काढून घेतलंस."

आम्रपालीने तिथेच उभ्या उभ्या इन्स्टाग्रामवरून तो फोटो काढून टाकला. त्याने काही फारसं होणार नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं. ती सॉरी म्हणेपर्यंत निकिता निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सांगितलं की तो फोटो प्रदर्शनात लावता येणार नाही. बाकीचेही नाही.

"मग भिंतीवर काय लावायचं? नुसते खिळे?"

"सगळे परत काढते, सर. विचारून."

विचारणं अवघड निघालं. एकीने, "का, पोलिसात आहात?" असं म्हणून गाडी पुढे घेतली. काही जणी नुसतं हसून नाही म्हणाल्या. बँकेत जाणाऱ्या एका बाई मात्र म्हणाल्या, "थांब, नीट बांधते," आणि त्यांनी गाडी बाजूला लावून पूर्ण स्कार्फ सोडून पुन्हा बांधला. या फोटोंतल्या सगळ्या जणी सरळ कॅमेऱ्याकडे बघत होत्या. आधीच्या फोटोंतला तो सहजपणा गेला, हे आम्रपालीला कळत होतं आणि वाईटही वाटत होतं.

सरांनी फोटो ओळीने पाहिले. "आधीचे जास्त चांगले होते." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण हेच लाव."

प्रदर्शन झाल्यावर एका रविवारी आम्रपाली नर्सरी शोधत गेली. निकिता नळाखाली हात धूत होती. आम्रपालीला बघून तिने काही तोंड वाकडं केलं नाही, पण हसलीही नाही.

"घरी कसंय?" आम्रपालीने विचारलं.

"बाबा अजून गप्पच आहेत. आई मात्र परवा इथे येऊन गेली. तासभर नुसती हिंडली, प्रत्येक झाडाचं नाव विचारत." निकिताने ओढणीला हात पुसले. "तुला माफबिफ केलेलं नाहीये हं मी."

"माहितीये."

आम्रपालीची नजर तिच्या मातीने भरलेल्या नखांवर, मागच्या हिरव्या जाळीतून येणाऱ्या उन्हावर गेली. निकिताच्या ते लक्षात आलं.

"फोटो नको."

"नाही, नाही काढत."

"मग नुसती उभी काय राहिलीस? ती जास्वंदीची कुंडी उचल, उन्हात ठेवायचीये तिला."

आम्रपालीने खांद्यावरची बॅग काढून बाकावर ठेवली आणि कुंडीला दोन्ही हात घातले. कुंडी वाटली होती त्यापेक्षा बरीच जड होती. निकिता पुढे झाली आणि तिने दुसरी बाजू धरली.