मागच्या कोपऱ्यातला रूबेन

नोस्क्यांच्या शेताचं फाटक उघडायला क्लेम पेंगेली गाडीतून उतरला आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. डेमियनचा होता. डेमियन मेलबर्नच्या एका फूटी क्लबात, हातांनीही खेळतात त्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, खेळाडू निवडण्याचं काम बघायचा आणि क्लेम त्याच्यासाठी विमेरा भागातल्या गावोगावची मैदानं तुडवायचा. वयाने डेमियन त्याच्या पोराएवढा, पण साहेब तो साहेबच.

"क्लेम, कुठे आहात?"

"रूबेनच्या दारात."

 

"हे बघा, वरच्यांचा विचार बदललाय. आपल्या त्या पाठदुखीवाल्या पोराला आणखी एक वर्ष ठेवायचं म्हणतायत. जागा एकच होती, ती त्याला गेली. म्हणजे आजच्या निवडीतली शेवटची पाळी आपण बहुतेक सोडून देऊ."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे सोडूनच देऊ. वाईट वाटतं मला. पण तुम्ही त्यांना शब्द वगैरे दिला नव्हता ना?"

"छे," क्लेम म्हणाला. "शब्द कसला."

फोन बंद करून तो फाटकाला टेकून उभा राहिला. शब्द दिला नव्हता हे खरंच होतं. शब्द सोडून बाकी सगळं दिलं होतं.

मोठ्या लीगमधले क्लब दर नोव्हेंबरात पाळीपाळीने नवे खेळाडू उचलतात. पहिल्या पाळ्यांत जी पोरं जातात ती शोधायला अक्कल लागत नाही, त्यांचे फोटो शाळेत असल्यापासून पेपरात येतात. क्लेमसारख्यांची किंमत ठरते ती शेवटच्या पाळ्यांत, जेव्हा चांगला माल संपलेला असतो आणि उरलेल्या गाळात हात घालून कुणीतरी मोती काढावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते. बारा वर्षं क्लेम हात घालत होता. हाती लागले ते शंखशिंपले. एकसुद्धा नाव असं नव्हतं की ज्याच्याकडे बोट दाखवून बारमध्ये कुणी म्हणावं, हा क्लेमने शोधला. हे ऐकायची त्याला फार, फार इच्छा होती. एकसष्टाव्या वर्षी माणसाला एवढी हाव शोभत नाही, पण होती.

त्याआधीची सगळी हयात त्याने मेंढ्यांच्या बाजारात दलाली करण्यात घालवली होती. त्या धंद्याचा पहिला धडा असा की ज्या कप्प्यातल्या मेंढ्या हव्यात त्या कप्प्याकडे बघायचं नाही. शेजारच्याच्या मेंढ्यांचे दात तपासायचे, लोकर चिमटीत धरून मान हलवायची, आणि शेवटी जाता जाता, हे काय, हेही घेऊन टाकतो, असं म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. हाच धडा त्याने फूटीत आणला आणि इथेच तो फसला, कारण मेंढीला काही वाटत नाही.

रूबेन त्याला दिसला तो बुरूल गावच्या मैदानावर, वारा नुसता कानशिलात मारत होता अशा एका शनिवारी. क्लेम आला होता भलत्याच पोराला बघायला. ते पोर चेंडूमागे धावत होतं. आणि हा तेवीस वर्षांचा लांबोडा गडी चेंडू हवेत असतानाच, वाऱ्याने तो जिथे जाऊन पडणार तिथे चालत जाऊन उभा राहत होता. धावतसुद्धा नव्हता. मग दोघातिघांच्या डोक्यावरून उडी मारून तो चेंडू झेलायचा आणि खाली येईपर्यंत कुणाला द्यायचा ते त्याचं ठरलेलं असायचं. क्लेमच्या हातातला खिमा भरलेला पॅटिस थंड होऊन गेला आणि खायचा राहिला.

त्याला कुणी नेलं कसं नाही, याचं उत्तर त्याच्या उजव्या गुडघ्यावर होतं. अठराव्या वर्षी मोटारसायकलवरून पडून गुडघ्याचा चुराडा झाला होता. सगळ्या क्लबांनी तेव्हाच त्याच्या नावावर काट मारली. दोन वर्षांत गुडघा बरा झाला, पण मोडल्याची बातमी जितक्या लांब जाते तितकी बरं झाल्याची जात नाही. बुरूलला पुन्हा कुणी फिरकलं नाही. रूबेन बापाबरोबर मेंढ्या भादरत राहिला आणि शनिवारी खेळत राहिला.

मग क्लेमने मूठ झाकली. ऑक्टोबरात रूबेनला लीगकडून मेलबर्नच्या चाचणीचं बोलावणं आलं तर क्लेम म्हणाला, जाऊ नकोस, कातरणीचा हंगाम आहे म्हणून कळव. तिथे पळालास की सगळ्यांना दिसशील, आणि मग आमची पाळी येईपर्यंत उरणार नाहीस. हे त्याने नोस्क्यांना पटवलं. आणि त्याआधी, सप्टेंबरातल्या फायनलच्या दिवशी, मैदानाबाहेर दुसऱ्या क्लबसाठी खेळाडू शोधणाऱ्या ट्रॅस्कची गाडी दिसताच तो तडक अर्न नोस्केकडे गेला. अर्न रूबेनचा बाप आणि बुरूलचा प्रशिक्षक.

"अर्न, आज त्याला मागच्या कोपऱ्यात ठेव. गोलाशेजारी."

"फायनल आहे, क्लेम."

"म्हणूनच. तो ट्रॅस्क बघतोय."

अर्नने मान खाली घालून बुटाने माती उकरली आणि पोराला मागच्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं. आपला सगळ्यात चांगला खेळाडू बुरूलने चारपैकी तीन सत्रं गोलाशेजारी माशा मारायला ठेवला. शेवटच्या सत्रात अर्नला राहवलं नाही, त्याने त्याला मध्ये सोडलं, पण तोवर उशीर झाला होता. फूटीत एका गोलाला सहा गुण मिळतात, त्याहून कमी फरकाने ते हरले. त्या गावाने बापजाद्यांच्या काळापासून करंडक पाहिला नव्हता. तेव्हापासून अर्न पबमध्ये शिरला की गप्पा थांबत. पावाच्या दुकानातली बाई पाव द्यायची आणि तोंड फिरवायची. अर्नने कुणालाही कारण सांगितलं नाही. पोराचं भलं होतंय ना, मग गाव काय, विसरेल.

फाटकाला टेकलेल्या क्लेमला हे सगळं आठवलं आणि त्याने जे बारा वर्षांत केलं नव्हतं ते केलं. आपल्या क्लबाशी बेइमानी. त्याने ट्रॅस्कला फोन लावला. ट्रॅस्कच्या क्लबाची शेवटची पाळी त्यांच्यानंतर लगेच होती.

"ट्रॅस्क, आमचे लोक पाळी सोडतायत. नोस्केला तू घे."

"कोण नोस्के?"

"बुरूलचा. तुला माहितीय कोण ते."

"तो गुडघ्यावाला?" ट्रॅस्क हसला. "म्हाताऱ्या, फायनलला चहाच्या टपरीशी तूच मला सांगितलंस ना, गुडघ्यातला स्क्रू ढिला झालाय, आतून सगळं संपलंय, पोरगा गोळ्या खाऊन उभा आहे म्हणून? मी ते आमच्या डॉक्टरच्या कानावर घातलं. त्याने त्याचं नाव कायमचं उडवलं."

"खोटं होतं ते."

"आणि आजचं खरं?"

"खरं आहे. शप्पथ. घोड्यासारखा गुडघा आहे त्याचा."

"क्लेम, मी तुझ्या हाताखाली शिकलोय. हवा असलेल्या कप्प्याकडे बघायचं नाही, हे तूच शिकवलंस. आज तू त्या कप्प्यावर बोट ठेवून ओरडतोयस, आणि तुमचा क्लब त्याला घेत नाहीये. मी काय समजायचं? तो माल तुम्हालाच नकोय आणि माझ्या गळ्यात मारतोयस."

"एकदा विश्वास ठेव, गड्या."

"ठेवला होता की," ट्रॅस्क म्हणाला. "सप्टेंबरात."

फोन बंद झाला. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराचं काय झालं ते क्लेमने आपल्या नातवाला कितीदा रंगवून सांगितलं होतं. त्याने फाटक उघडलं, गाडी आत घेतली, उतरून फाटक नीट लावलं. इतकं मन मोडलं तरी मेंढ्या बाहेर जाऊ देऊन कसं चालेल.

स्वयंपाकघरात लोइसने, रूबेनच्या आईने, टेबलावर इस्त्रीची चादर घातली होती आणि मधोमध क्रीमचा गोल केक ठेवला होता. शेजारीपाजारी कुणालाच बोलावलं नव्हतं, कारण क्लेमनेच सांगितलं होतं, गाजावाजा नको. शेवटच्या पाळ्या टीव्हीवर दाखवत नाहीत, फोनवर एकेक नाव उमटत जातं. अर्नने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि चष्मा नाकावर ओढून तो त्याच्यासमोर बसला होता.

"या, या," लोइस म्हणाली. "आज चहा की बिअर?"

"काही नको."

"असं कसं? घरचेच तुम्ही."

रूबेन पांढरा सदरा घालून भिंतीशी उभा होता. सदऱ्याच्या घड्या मोडल्या नव्हत्या. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. मैदानावर त्याला हा प्रश्न कधी पडत नसे.

"काही कळलं का, क्लेम?" त्याने विचारलं.

तेव्हा सांगायला हवं होतं. क्लेमने तोंड उघडलंही, पण ट्रॅस्कला शेवटच्या क्षणी बुद्धी होईल या एका धाग्याला तो लोंबकळत होता. "बघू," एवढंच तो म्हणाला.

नावं येत गेली. कुणी पर्थचा, कुणी टास्मानियाचा. मग क्लेमच्या क्लबाचं चिन्ह आलं. लोइसने अर्नच्या खांद्यावर हात ठेवला. चिन्हासमोर एकच शब्द उमटला, पास.

"म्हणजे काय?" लोइसने विचारलं. "पास झाला?"

"नाही गं," अर्न म्हणाला. "पाळी सोडली त्यांनी."

मग ट्रॅस्कच्या क्लबाचं चिन्ह आलं.  तिथे अ‍ॅडलेडच्या कुठल्याशा पोराचं नाव उमटलं. आणखी एकदोन नावं आली आणि संपलं. अर्न तरी फोनकडे बघतच राहिला, जणू आणखी एखादं नाव मागे राहिलं असेल. शेवटी रूबेननेच पुढे होऊन फोन पालथा घातला.

"जाऊ दे, बाबा. केक काप, आई."

लोइसने केक कापला. तुकडे अगदी सारखे पडले. कुणी खाल्लं नाही. क्लेमचा तुकडा तिने डब्यात भरला, वाटेत खा म्हणाली, आणि डबा त्याच्या हातात दिला.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," रूबेन त्याला म्हणाला. "खरं सांगू का, पाच वर्षांत मला बघायला कुणी काळं कुत्रं आलं नव्हतं. तुम्ही एकटे आलात. तेवढंही पुष्कळ आहे. पुढच्या वर्षी पुन्हा करू. या वेळी चाचणीला जाईन."

एवढ्यावर निघता आलं असतं. डबा हातात होता, गाडी दारात होती, आणि हे घर त्याला जन्मभर चांगलंच म्हणत राहिलं असतं. पुढच्या वर्षी पोरगा चाचणीला गेला असता, आणि तिथे प्रत्येक क्लबाचा डॉक्टर त्याच्या गुडघ्याकडे बघून मान हलवत राहिला असता, आणि का ते याला कधी कळलं नसतं. क्लेमला स्वतःची शिसारी आली.

"मी एकटा नव्हतो आलो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"फायनलला ट्रॅस्क आला होता. मी त्याला सांगितलं, तुझा गुडघा आतून गेलाय. म्हणून त्यांनी नाव उडवलं. या धंद्यात अशी गोष्ट एका जागी राहत नाही, आता सगळ्यांनाच ते ठाऊक असेल. तुला आमच्यासाठी शेवटपर्यंत उरवायचं होतं म्हणून बोललो. आज त्याला फोन करून खरं सांगितलं. त्याला पटलं नाही."

 अर्न हळूहळू खुर्चीवरून उठला. तो अंगावर येईल असं क्लेमला वाटलं, आणि यावं असंही वाटलं.

"मी माझ्या पोराला कोपऱ्यात उभं केलं," अर्न म्हणाला. "फायनलला. तुझ्या शब्दावर. गावात माझ्याशी कुणी बोलत नाही, क्लेम." आवाज चढलासुद्धा नाही. तो पुन्हा खाली बसला आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिला.

रूबेन मात्र बापाकडे बघत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीतरी वेगळंच होतं, आणि ते बघणं क्लेमला रागाहून जड गेलं.

"तो ट्रॅस्क," रूबेन म्हणाला, "तो कुणाला बघायला आला होता?"

"तुला."

"माझ्याचसाठी? मेलबर्नहून?"

"तुझ्याचसाठी."

"मी तर कोपऱ्यात होतो."

"तरी त्याने ओळखलं. शेवटच्या सत्रात तू मध्ये आलास तेव्हा म्हणाला, हा शेवटपर्यंत उरायचा नाही, मी तिसऱ्या पाळीतच उचलतो. ते ऐकूनच मी गुडघ्याचं बोललो."

रूबेनच्या ओठांवर हसू आलं. खरंखुरं, लहान मुलाचं असतं तसं, कुणीतरी आपल्याला निवडलं होतं याचं. आलं, क्षणभर राहिलं, आणि मग बाकीचं सगळं त्याच्या ध्यानात येत गेलं तसं ते जागच्या जागी विझलं. तो मागच्या दाराने बाहेर गेला. जाळीचं दार आपटलं.

क्लेम उठला. लोइस त्याच्यामागून दारापर्यंत आली. या घरात पाहुण्याला दारापर्यंत सोडायची पद्धत होती आणि तिने ती मोडली नाही. उंबऱ्याशी तिने हात पुढे केला आणि त्याच्या हातातला केकचा डबा काढून घेतला.

"फाटक लावून जा," ती म्हणाली.