तिसऱ्या खड्ड्यातल्या खापऱ्या

माझी थोरली बहीण रानीन गोवराने गेली तेव्हा पावसाळा सरत आला होता आणि उकायाली नदीचं पाणी घरांच्या खांबांवरून उतरायला लागलं होतं. त्या वर्षी गोवराने आमच्या गावातली अकरा माणसं नेली. रानीन एकवीस वर्षांची होती. तिची मुलगी बिरी अजून अंगावर पीत होती.

रीतीप्रमाणे तिचं घर जाळलं. गेलेल्या माणसाचं काही मागे ठेवायचं नाही, नाहीतर ते आपली वस्तू शोधत परत येतं आणि जाताना लहान मुलांना घेऊन जातं. मच्छरदाणी, मण्यांच्या माळा, नक्षी काढायची तिच्याच केसांची कुंचली, सगळं आगीत गेलं. मडकी आईने स्वतः फोडली आणि आगीतच टाकली. रानीनचा नवरा राख निवायच्या आत होडीत बसून आपल्या आईकडे परत गेला. त्याला कोणी नावं ठेवली नाहीत. आमच्यात पुरुष बायकोच्या घरी राहतो. बायकोच नाही तर तो राहणार कोणाकडे?

खापऱ्यांचं मात्र वेगळं होतं. नुसत्या मातीचं भांडं भाजताना तडकतं, म्हणून तिच्यात झाडाच्या सालीची राख आणि जुन्या भांड्याचा चुरा मळतात. चुरा कुठल्याही खापरीचा चालतो. पण आमच्या घरात गेलेल्या बाईच्या रांजणाच्या खापऱ्या राखून ठेवत आणि त्यांचा चुरा तिच्या मुलीच्या रांजणात घालत. आजीच्या रांजणात पणजी होती, आईच्या रांजणात आजी होती. बिरीला तिच्या आईचं एवढंच मिळणार होतं.

तिसऱ्या दिवशी आई राखेत गेली आणि रानीनच्या मोठ्या रांजणाच्या खापऱ्या वेचून टोपलीत भरून घेऊन आली. धुराने त्या काळ्याभोर झाल्या होत्या. टोपली घराखाली, खांबांच्या मधल्या कोरड्या जागेत ठेवली आणि मांडीवरच्या बिरीला म्हणाली, "कोरडा महिना लागू दे. वरच्या ओढ्याची माती आणते. मग तुझी आई तुझ्या दारात उभी राहील, आंबीलही तीच पाजेल सगळ्यांना."

कोरडा महिना लागला तसे सेन्योर आरिस्मेंदी आले. राजधानीतून, लिमाहून आलेले, उंच, उन्हाने नाक सोललेले. गावामागच्या उंच काठावर हजार-दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती होती, ती त्यांना खणायची होती. आमच्या बायकांना त्या काठावर जुन्या खापऱ्या असतात हे माहीतच होतं, चुऱ्यासाठी त्या तिथूनच तर आणायच्या.

"लिमात धड भांडी मिळत नाहीत वाटतं, बिचाऱ्याला फुटकी गोळा करायला इतक्या लांब पाठवलंय," चानान मावशी म्हणाली. ती आईची चुलतबहीण, शेजारच्या घरात राहायची. दोघी लहानपणापासून एकाच जाळावर मडकी भाजत आल्या होत्या.

"बायकोनं फेकून मारली असतील. मोजायला आला असेल," आई म्हणाली. रानीन गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती, म्हणून मला ते लक्षात राहिलं.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. मिशनच्या शाळेत चार वर्षं गेले होते, स्पॅनिश येत होतं, अक्षर बरं होतं. सेन्योरनी मला कामावर घेतलं. खड्ड्यांतून निघालेल्या खापऱ्या गावाजवळच्या तळ्यावर नेऊन धुवायच्या, वाळवायच्या आणि प्रत्येकीच्या आतल्या बाजूला काळ्या शाईने बारीक आकडा घालायचा. आधी खड्ड्याचा आकडा, मग खापरीचा. टोपल्या ठेवायला त्यांना कोरडी जागा हवी होती. आईने आमच्या घराखालची दिली.

ती टोपली मी उचलली तेव्हा मला खरंच कळलं नव्हतं. सकाळचं धुकं होतं, चार टोपल्या न्यायच्या होत्या, मी पाच नेल्या. पाण्यात बसून नारळाच्या काथ्याने घासत होते. पाचव्या टोपलीतल्या खापरीवरची काजळी सुटली आणि खाली पांढऱ्यावर तांबडी रेघ दिसली. जाड रेघ, तिच्या दोन्ही अंगांनी केसासारख्या बारीक रेघा, आणि कोपऱ्यावर वळताना त्या किंचित श्वास घेतल्यासारख्या सुटायच्या. तशी वळवणारी गावात एकच होती. शेजारी बसून मीच तिच्यासाठी रंग घोटला होता.

मी ती घेऊन उठायच्या आत सेन्योर मागे येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या हातून खापरी घेतली, उन्हाकडे धरली. मग गुडघे टेकून चिखलातच बसले आणि टोपलीतल्या दुसऱ्या खापऱ्या काढून पाहू लागले.

"पेको," ते म्हणाले, "मी बारा वर्षं या नदीवर फिरतोय. असा हात पाहिला नाही. ही बाई कोण असेल गं?"

मी हातातला काथ्या पिळला.

"हिचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही. पण लिमात लोक काचेपलीकडून हिला पाहतील. आपण सगळे मेल्यावरसुद्धा पाहतील." मग त्यांनी विचारलं, "टोपलीला चिठ्ठी नाही. कुठल्या खड्ड्यातलं?"

रानीनचं नाव ती गेल्यापासून आमच्या घरात कोणी घेतलं नव्हतं, मेलेल्याचं नाव घेत नाहीत. तिचं सगळं जाळलेलं मी पाहिलं होतं. आता उरलेलंही दगडावर ठेवून ठेचणार होते, पीठ होईपर्यंत. आणि हा परका माणूस चिखलात बसून तिच्या रेघेवरून अंगठा फिरवत होता.

"तिसऱ्या," मी म्हटलं. "अगदी तळातलं."

त्या दुपारी मीच शाईने आकडे घातले. एकसष्ट खापऱ्या होत्या. आठवड्याने पेट्या बंद झाल्या आणि मोटारबोटीत चढल्या.

आई वरच्या ओढ्याची माती घेऊन आली ती त्यानंतर चार दिवसांनी. पाठीवरचं ओझं उतरवून ती घराखाली वाकली. बराच वेळ तिथेच होती.

"पेको, इथली टोपली कुठंय?"

"कुठली?"

"कुठली म्हणून काय विचारतेस?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

तिने घराखालची जमीन हातांनी चाचपली. कुत्र्यांनी ओढली असेल म्हणून काठावर शोधलं, पोरांनी पाण्यात भिरकावल्या असतील म्हणून तळ्यात कमरेपर्यंत उतरून पायांनी चिखल तुडवला. मीही तिच्याबरोबर शोधत होते. आजही ते आठवलं की मला माझ्या पायांची लाज वाटते.

सहाव्या दिवशी तिची नजर चानान मावशीच्या अंगणाकडे गेली. मावशीचे तीन नवे रांजण भाजून तयार होते, एकही तडकला नव्हता. आई तरातरा गेली. मी मागे.

"या वर्षी तुझं एकही तडकलं नाही, चानान."

"नाही. राख चांगली मिळाली."

"राख, की दुसऱ्याच्या घराखालचा चुरा?"

चानान मावशी मळत होती. तिचे हात थांबले. "इन्कान, तोंडातून निघालंय ते परत घे."

"मग माझी पोर गेली कुठं? तिला पाय फुटले?"

मावशी उठली. तिने तिन्हीतला सगळ्यात मोठा रांजण दोन्ही हातांनी उचलला, पाणी झिरपू नये म्हणून लावतात ती राळसुद्धा अजून त्याच्यावर चढवायची होती, आणि आईच्या पायांपुढे आपटला. मग एक तुकडा उचलून आईच्या हातात कोंबला.

"जा. दळ. दळून बघ तुझी लेक आहे का आत. जन्मताना तिला मी माझ्या हातांत झेललीय, नाळ मी कापलीय, आणि मला तू चोर म्हणतेस?"

आईने तुकडा खाली टाकला आणि घरी आली. त्या क्षणी मी एक वाक्य बोलले असते तर सगळं सावरलं असतं. माझ्या डोक्यात ते वाक्य पूर्ण तयारही होतं. मी बिरीला उचललं आणि तिला केळं कुस्करून भरवत बसले.

आईने बिरीचा रांजण केला नाही. आणलेली माती तशीच पडून वाळली, तिला भेगा गेल्या. गावातल्या बायका म्हणाल्या, काठावरच्या खापऱ्या घाल की, काय फरक पडतो. आई म्हणाली, "आत घालू कोणाला?" दोन्ही घरांची मडकी वेगवेगळ्या जाळांवर भाजली जाऊ लागली.

पुढच्या वर्षी मिशनच्या विमानाने सेन्योरचं पत्र आलं. माझ्या नावाने. आई मासे साफ करत होती. तिने हात न धुताच विचारलं, "फुटक्या मडक्यांचा माणूस काय म्हणतो?"

पत्र लांब होतं. तब्येत बरी आहे, काम पुढे सरकतंय, आईला नमस्कार सांग. शेवटी त्यांनी लिहिलं होतं: "तुला हसू येईल. तिसऱ्या खड्ड्यातल्या ज्या रंगीत खापऱ्यांवर मी एवढा भाळलो होतो, त्या जुन्या नव्हत्याच. तुमच्याकडच्याच कुठल्या तरी चुलीजवळचा कचरा, चार-पाच वर्षांपलीकडचा नाही. कसा मिसळला कळत नाही. माझे तीन महिने फुकट गेले. जागा अडते म्हणून त्या फेकून दिल्या. तुझा दोष नाही, वाईट वाटून घेऊ नकोस."

मला ते आईपासून लपवता आलं असतं. तिला वाचता येत नव्हतं, स्पॅनिशही येत नव्हतं. पण मी सगळं सांगितलं. आधी पत्रातलं, मग चिखलातलं. 'कचरा' हा शब्द मात्र मी गाळला.

आईने हातातला मासा पूर्ण साफ केला, मग पुढचा घेतला. तोही झाला.

"त्याला हात आवडला होता?" तिने विचारलं.

"हो."

"मग फेकल्या का?"

"जुन्या नव्हत्या म्हणून."

तिने मान हलवली, जणू हे समजण्यासारखं होतं. "कुठं फेकल्या?"

"लिमात."

"तिथं नदी आहे का?"

"समुद्र आहे म्हणतात."

ती माझ्यावर ओरडली नाही. मला मारलंही नाही. हात धुतले, दोन मासे पानात बांधले आणि चानान मावशीच्या घराकडे गेली. मी खिडकीतून पाहत होते. मावशीने मासे घेतले, बसायला चटई टाकली. दोघी बसल्या. पुढे त्या बोलू लागल्या, एकमेकींच्या घरी आंबील पिऊ लागल्या, आई गेली तेव्हा मावशीच सगळ्यांत जास्त रडली. पण एका जाळावर त्यांनी पुन्हा कधी भाजलं नाही.

बिरी माझ्याच हाताखाली वाढली. मी शिकवायचा प्रयत्न केला, पण तिला मातीत रस नव्हता, आणि मीही फार जोर करू शकले नाही. अठराव्या वर्षी ती पुकाल्पा शहरात कामाला निघाली. धक्क्यावर आम्ही बोटीची वाट पाहत बसलो होतो. मी तिला सगळं सांगितलेलं होतं, केव्हाच. त्यावर ती मला कधी काही बोलली नव्हती.

"मावशी," ती म्हणाली, "ती रेघ कशी होती गं? तुला येते?"

मी काडी घेतली आणि ओल्या चिखलात जाड रेघ ओढली. शेजारून बारीक रेघ काढली. पहिला कोपरा वळवला, दुसरा वळवला. तिसऱ्याशी माझा हात थांबला. मी पुसून पुन्हा काढली. ते वळण माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि हातात नव्हतं. जे उतरत होतं ते माझंच होतं, दुसऱ्या कुणाचं नाही.

बिरी वाकून पाहत होती. "एवढंच?" तिने विचारलं.

"नाही गं. पुढे आहे. खूप आहे."

लांबून बोटीचा भोंगा ऐकू आला. बिरीने गाठोडं उचललं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "राहू दे मावशी, चिखलात कोणाला जमतं?"