शेषरावचा डोंगा

पैनगंगेच्या डोहात शेषरावचा डोंगा उलटला, त्याले आता आठवडा होत आला होता. पूल होनार म्हनत, पन त्याचा कागद नागपूरच्या सायबापाशी अडकेल होता. लोकं आपले डोंग्यानंच ये-जा करत. बाकीचे उतारू पोहून निंघाले. नावाडी शेषराव तेवढा दिसला नाही.

पावसानं उसंतच देल्ली नाही. उकंडा भोई रोज काठावर याचा, ते गढूळ पानी पाहाचा अन् चिलीम झटकून घरी जाचा. बुडी माराले त्याच्यासारखा गडी त्या अंगाले दुसरा नोता. पन त्या भोयाइचा एक रिवाज होता. बुडी मारनाऱ्याच्या कमरेचा दोर साळ्यानंच धराचा. भाऊ धरीन तं जाळ्याच्या वाटनीचा इचार करीन, साळा बहिनीच्या कुंकवाचा करीन.

त्या दिवशी ऊन पडलं. पानी जरासं निवळलं. शेषरावची बायको मंजुळाबाई काठावरच बसेल होती.

"उकंडभाऊ, आज तं उघाड हाये," ते म्हने. "मानूस नाही तं नाही, त्याची माती तरी द्या मले."

उकंडाचा साळा पुंजाजी चिखलीकडं बोट दाखवे. "दाजी, तिकडं पाहा. आभाळ कसं म्हशीवानी काळं हाये. वरतं, नदी येते तिकडं, पडून राह्यलं. इथचं ऊन काय चाटाचं हाये?"

"तू काऊन भेते बे? दोर तं तुह्या हातात हाये."

"म्हनूनच भेतो ना! तुमाले काही झालं तं माही बहीन सोजराबाई मले दारात उभं करीन का?"

उकंडा हासला. पन काठाशी रोवलेल्या काडीवर पानी बोटभर चढलं, हे त्यानंही पाह्यलं होतं. एका बुडीत होते काम, असं मनाले सांगून त्यानं उडी टाकली.

खाली नुसता अंधार. चाचपत चाचपत डोंगा लागला, गाळात पालथा. डोंग्याच्या काठाखाली हात घातला तं धोतर लागलं, मंग पाय. उकंडानं खांदा लावला. डोंगा हालला. अन् तेवढ्यात कमरेले झटका बसला. त्यानं दोर उलटा ओढला, थांब म्हनून. वरून अजून जोराचा झटका. धोतर हातातून सुटलं अन् उकंडा ओढत वर आला.

"लोंढा आला, दाजी! चढा!"

दोघं काठावर चढले न चढले, तं फेस अन् उपटलेली बाभूळ घेऊन पानी आलं. डोह कुठी अन् नदी कुठी, समजेना.

"हाती लागला होता बे तो," उकंडा दबक्या आवाजात खेकसला. "एक दमभर थांबला असता तं!"

पुंजाजी दोर गुंडाळू लागला. दोरानं त्याचे हात सोलून निंघाले होते.

मंजुळाबाई धावत आली. "भाऊ, लागले का हाताले?"

हो म्हनलं तं हे बाई जल्मभर पुंजाजीले शिव्याशाप देईन. उकंडा म्हने, "नाही वैनी. डोंगा रिकामाच होता."

"रिकामा?" तिचा चेहराच बदलला. "म्हंजे निंघाले ते बाहीर! खालतं कोन्या गावात तापानं पडले असतीन."

"वैनी, आयका..."

पन ते आयकते कुठी? पदर खोचून, पान्याच्या कडंकडंनं ते खालच्या गावाकडं चालूही लागली.

उकंडा चिखलात तसाच बसला. खरं सांगाची त्याची हिंमत झाली नाही.