थेंब बुडायला हवा

"काकी, एवढ्या उन्हात कॉफी कोण पिणार? पाकिटातला ज्यूस आणू ना. स्ट्रॉ खुपसला, प्यायला, खतम."

मंडळाचा सेक्रेटरी स्वप्नील दर पहिल्या मेला हे म्हणतो आणि शालनकाकी दर पहिल्या मेला त्याच्याकडे न बघता आपलं काम चालू ठेवते. आताही ती ओल्या फडक्यात कॉफीची पूड बांधत होती. पूड माटुंग्याहून, स्वतः जाऊन, डोळ्यांसमोर दळून आणलेली. दुसऱ्या कुणाला पाठवलं तर तो चिकोरीच जास्त घालून आणतो, असा तिचा ठाम समज होता आणि तो बदलायच्या भानगडीत चाळीत कुणी पडत नसे.

"आण की तुझा ज्यूस. नको कोण बोलतंय?" पुरचुंडी उकळत्या पाण्यात सोडत ती म्हणाली. "पण रक्त देऊन उठलेल्या माणसाच्या हाताला कायतरी गरम लागायला पाहिजे. बाजूला हो, भाजशील."

दुसऱ्या शेगडीवर दूध वर येत होतं. तिनं गॅस बारीक केला, जायफळ किसलं आणि खालचा साखरेचा डबा उचलला. तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. "गाडी आली, गाडी आली!" करत पोरं धावली. रक्तपेढीची गाडी. काकीनं हातातला डबा खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसत ती त्या गाडीकडे बघत राहिली. खाटा उतरल्या, शीतपेट्या उतरल्या आणि शेवटी रक्त तपासणारा हितेंद्र उतरला. त्याच्या हातात ती छोटी पेटी होती, निळ्या पाण्याच्या बाटलीची. त्या पेटीवरून काकीची नजर हलेना.

लालबागमधल्या या चाळीच्या अंगणात रक्तदान शिबिर भरतं ते पहिल्या मेलाच. त्याला कारण आहे. मे महिन्यात अर्धं लालबाग गावाला आंबे-फणस खायला जातं आणि इकडे इस्पितळांत रक्ताचा खडखडाट होतो. म्हणून जे गावाला गेले नाहीत त्यांनी रक्त द्यावं, असं मंडळानं फार पूर्वी ठरवलं. तेव्हापासून कॉफी शालनकाकीची. शिबिराला येणारी काही मंडळी तर रक्त हे कॉफीची किंमत म्हणून देतात, असं राजाराम म्हणतो.

राजाराम म्हणजे मंडळाचा माजी अध्यक्ष. आता त्याला पद नाही, काम नाही, साखर मात्र भरपूर आहे, रक्तात. तो सकाळपासून शेगडीजवळ खुर्ची टाकून बसतो आणि याला तो देखरेख म्हणतो. काकी त्याच्यासाठी बिनसाखरेचा एक कप आधीच बाजूला काढून ठेवते.

"वैनी, आज काय ता होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "माझा अर्धा लिटर परत दे. व्याज सोडला."

"तुमचा कसला मेला अर्धा लिटर," काकी म्हणाली, पण हसली.

हा त्यांचा जुना वाद होता. लेकीच्या, दर्शनाच्या जन्माच्या वेळी शालन केईएममध्ये होती आणि रक्त थांबतच नव्हतं. नवरा मिलमध्ये पाळीवर. निरोप चाळीत आला तेव्हा मंडळाची पोरं कॅरम खेळत होती. सोंगट्या तशाच टाकून चौघं धावत गेले. त्या चौघांतला आज फक्त राजाराम उरलाय. शालनच्या अंगात आपलं रक्त आहे आणि म्हणूनच ती एवढी तापट झाली, असं तो सगळ्यांना सांगत आला. पण तिथल्या एका नर्सनं तिला तेव्हाच सांगितलं होतं की पोरांचं रक्त पेढीत जमा झालं, तिला चढलं ते आधीच कुणीतरी देऊन ठेवलेलं होतं. कोण ते कुणालाच माहीत नाही. राजारामचं असतं तर त्याला वर्षभर डबा पाठवून फेडलं असतं. पण ज्याचं नाव नाही, गाव नाही, त्याचं कसं फेडायचं? ते तसंच फेडायचं, आपलं नाव न सांगता, पुढच्या कुणाला तरी. एवढं तिला तेव्हाच कळलं होतं.

आणि तेच तिला जमलं नव्हतं. दरवर्षी ती हितेंद्रच्या टेबलावर बोट पुढे करायची आणि दरवर्षी तो मान हलवायचा. मावशी, रक्त कमी आहे. थकवा हा तिच्या अंगातला पागडीचा भाडेकरू होता. धड भाडं देत नव्हता आणि खोलीही सोडत नव्हता. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायचं, पाण्याचा हंडा भरला की कठड्याला धरून उभं राहायचं, हे इतकं सवयीचं झालेलं की माणसं अशीच जगतात असं तिला वाटे. रक्त नाही तर कॉफी तरी, म्हणून ती शेगडीपाशी उभी राहिली आणि तिथंच राहिली.

यंदा मात्र शेवटची संधी होती. पुढच्या महिन्यात तिला साठ पूर्ण होणार होती. पहिल्यांदा रक्त देणाऱ्याला साठीनंतर घेत नाहीत, हे मागच्या वर्षी शिबिराच्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. सांगता सांगता त्या हेही म्हणाल्या होत्या की, आजी, चहा-कॉफीनं जेवणातलं लोह अंगी लागत नाही, जेवणाच्या आसपास तरी घेऊ नका. काकीनं आसपासचा हिशेब ठेवलाच नाही. त्या दिवसापासून तिनं चहा सोडला आणि कॉफीही सोडली. खजूर खाल्ले, बीट खाल्लं, शेवग्याच्या पाल्याची भाजी इतकी खाल्ली की भाजीवालीच तिला बघून जुडी बांधायला लागली. अँटॉप हिलहून दर्शना गोळ्या आणून द्यायची, त्या पोटाला त्रास देत तरी घेतल्या. कॉफी प्यायची ती आता रक्त देऊनच, रक्त देऊन उठलेल्यांसाठी शेगडीजवळ मांडतात त्या तीन खुर्च्यांपैकी एका खुर्चीत बसून, असं तिनं बोलून दाखवलं होतं. चाळीत बोललेलं काही लपून राहत नाही. सगळ्यांना माहीत होतं.

म्हणूनच आज टोप उतरवताना तिनं कॉफी चाखली नाही. अंदाजानं रंग बघितला, वास घेतला आणि गाळून मोठ्या थर्मासमध्ये भरली.

नऊ वाजता सुरुवात झाली. पहिला आला तो कॉटन ग्रीनच्या गोदामात काम करणारा गौतम, दरवर्षीचा. रक्त देऊन, कोपरात कापूस दाबून तो खुर्चीत बसला. काकीनं कप दिला. त्यानं एक घोट घेतला आणि थांबला. कपात बघितलं. मग शेजारी राजारामकडे बघितलं. राजारामनं त्याच्या हातातला कप घेऊन एक घोट चाखला आणि कप परत देताना, गप राहा म्हणून, डोळे मोठे केले.

"काय रे, चक्कर येते का?" काकीनं विचारलं.

"नाय नाय काकी. मस्त आहे," गौतम म्हणाला आणि त्यानं बिस्किटाचा पुडा जवळ ओढला.

मग माणसं येत गेली. कुणी ऑफिसची पोरं, कुणी शेजारच्या वाडीतल्या बायका, वरळी कोळीवाड्यातून आलेला धर्मा आणि त्याचे दोन भाऊ. ऊन पत्र्यावर तापलं. काकी कप भरत होती, देत होती, उष्टे कप गोळा करत होती, आणि मध्येच टेबलाचा कोपरा धरून उभी राहत होती. दोनदा स्वप्नील तिच्याकडे काहीतरी बोलायला म्हणून आला आणि दोन्ही वेळा राजारामनं त्याला हाताला धरून पलीकडे नेलं. बिस्किटं यंदा अकराच्या आतच संपली. स्वप्नीलनं मुकाट्यानं पळत जाऊन आणखी पुडे आणले.

"पोरांना भूक लागली वाटतं आज," काकी म्हणाली.

"हो ना," स्वप्नील म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

राजारामनं स्वतःच उठून थर्मासमधून दुसरा कप भरला.

"भावजी, तुमचा वेगळा आहे ना? त्यातली नको, साखर आहे!"

"आज हीच घेतो. इतक्या वर्षांत आज माझ्या मनासारखी झाली."

तिला त्याचा राग आला. डॉक्टरनं इतकं सांगूनही हा माणूस ऐकत नाही. पण तिला त्याच्याशी भांडायला वेळ नव्हता आणि जीवही नव्हता. तिचं सगळं लक्ष हितेंद्रच्या टेबलावर होतं. काचेच्या भांड्यात निळं पाणी. बोट टोचायचं, रक्ताचा थेंब वरून सोडायचा. थेंब बुडून तळाला गेला तर रक्त चांगलं, वरच राहिला तर कमी. सकाळपासून कितीतरी थेंब तिनं लांबून तळाला जाताना बघितले. पोरांचे थेंब कसे टपकन जात होते.

"आता जातेस की हात धरून नेऊ?" राजाराम म्हणाला. "गर्दी नाय, बघ."

"लोकांचं होऊ दे आधी."

"लोकांचा झाला. जा गो."

काकीनं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. हितेंद्रनं तिला बघून खुर्ची सरकवली. एवढ्या वर्षांत त्याचेही कानाजवळचे केस पिकले होते.

"या मावशी. खाल्लंय ना?"

"पोळी खाल्ली. खजूर पण खाल्ले."

त्यानं बोट टोचलं. बारीक काचेच्या नळीत रक्त ओढलं आणि निळ्या पाण्यावर धरलं. अंगणातला आवाज कमी झाला होता. गौतम केव्हाच घरी जायला हवा होता, तो गेला नव्हता. धर्मा आणि त्याचे भाऊ फाटकाशी रेंगाळत होते. थेंब सुटला. खाली गेला, अर्ध्याच्याही खाली गेला. मग तो थांबला. क्षणभर तसाच लोंबकळला आणि सावकाश, अगदी सावकाश, वर यायला लागला.

हितेंद्रनं दुसरं बोट टोचलं. तोही थेंब वर आला. मग त्यानं मशीन काढलं, पट्टी लावली आणि आकडा वाचून मशीन टेबलावर पालथं ठेवलं.

"किती?" काकीनं विचारलं.

"बारा. साडेबारा लागतात, मावशी. गेल्या साली दहा होतं. खूप वाढलंय."

"अरे, अर्ध्यानं काय होतंय?" राजाराम मागून येऊन उभा राहिला होता. "घे रे हितेंद्र. कोण बघायला येतोय? बाईनं वर्षभर..."

"भावजी, गप बसा." काकीचा आवाज एकदम चढला. "इतकी वर्षं मी कुणाला पातळ कॉफी दिली नाय. आता काय पातळ रक्त देऊ? तिकडे कोण पोर पडली असेल, तिला?"

"तसं नाही मावशी," हितेंद्र हळू म्हणाला. "तुमच्या जिवासाठीच नियम आहे तो."

"ते पण बरोबर तुझं," काकी म्हणाली. तिनं बोटावरचा कापूस दाबला आणि उठली. रडायला येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. फक्त खूप दमल्यासारखं झालं, आतून, हाडांतून. ती शेगडीपाशी परत आली. आता कॉफी न पिण्याला काही कारणच उरलं नव्हतं. थर्मास तिरका करून तिनं तळातली उरलेली कॉफी कपात घेतली. ज्या वासावर वर्षभर दिवस काढले तो वास छातीत भरून घेतला आणि एक मोठा घोट घेतला.

कॉफी कडू होती. नुसती कडू.

तिनं दुसरा घोट घेऊन बघितला. मग वाकून टेबलाखाली बघितलं. साखरेचा डबा सकाळी ठेवला होता तिथंच होता. झाकण उघडलं तर साखर काठोकाठ, वरून सपाट, चमचाही न लागलेली.

"भावजी," ती म्हणाली, "यात साखर नाय."

"नाय," राजाराम म्हणाला.

"सकाळपासून?"

"सकाळपासून."

"आणि तुम्ही... कुणी बोल्ला का नाय?"

राजारामनं खांदे उडवले. "तुझा लक्ष नव्हता. आज तुला कायच बोलायचा नाय, असा ठरला."

काकीनं अंगणाकडे बघितलं. गौतम चपलेनं उगाच माती सारखी करत होता. धर्मा आभाळाकडे बघत होता. स्वप्नील, जो एरवी कॉफीत जायफळ जास्त पडलं तरी तोंड वाकडं करायचा, तो रिकामे पुडे गोळा करत होता. एवढ्या माणसांनी रक्त दिलं आणि वर ही कडू कॉफी, बिस्किटं तोंडात कोंबून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. तिच्यासाठी. आता मात्र तिचे डोळे भरले आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

राजारामनं तीन खुर्च्यांतली मधली पुढे ओढली. "बस. आणि ती ओतून टाक. दुसरी कर."

"ओतू कशाला? लोकांनी प्यायली ना?"

ती खुर्चीत बसली आणि कप संपेपर्यंत उठली नाही. गाडीतल्या खाटा अजून उचलल्या नव्हत्या आणि फाटकातून नवीन चार-पाच माणसं आत येत होती. काकीनं टोप घासून पुन्हा शेगडीवर ठेवला. दूध तापलं, पुरचुंडी उकळली, जायफळ पडलं आणि मग साखर. पळीनं ढवळून तिनं एक थेंब तळहातावर घेतला आणि जिभेला लावला.

गोड होता. तिनं गॅस बारीक केला आणि हाक मारली, "कोणाचं झालं? या, बसा इकडे."